झाडाफुलांचे रंग, नॅनो पावडर आणि सोलर सेल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

प्रोजेक्टचा सीझन आला की बीएस्सीची मुलं, शाळेतले सायन्सचे सर, एखादा हौशी शेतकरी, सगळ्यांकडून झाडाफुलांच्या रंगांवर चालणाऱ्या सोलर सेलबद्दल साधारण हेच प्रश्न येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतोय. लांबलचक झालंय, पण घाई करून अर्धवट वाचू नका, कारण बहुतेकांचे सेल ज्या कारणानं फसतात ते मधेच कुठेतरी आहे.

हे नक्की काय प्रकरण आहे?

सोलर सेलच आहे, फक्त सिलिकॉनचा नाही. एका काचेवर टायटॅनियम डायऑक्साइडच्या अगदी बारीक कणांचा थर द्यायचा (लॅबमधे सगळे टायटेनियाच म्हणतात, मीही तेच म्हणेन), तो भाजून पक्का करायचा आणि रंगाच्या अर्कात बुडवायचा. समोर दुसरी काच लावायची आणि मधे आयोडीनचं द्रावण. उन्हात धरलं की रंगाचा रेणू प्रकाश गिळतो, त्याचा इलेक्ट्रॉन उडी मारून टायटेनियात जातो, तिथून काचेवरच्या वाहक थरात, तिथून वायरनं बाहेर फिरून समोरच्या काचेवर येतो आणि आयोडीनचं द्रावण तो परत रंगाच्या रेणूपर्यंत पोचवतं. मग पुन्हा तेच चक्र. खर्च कशाचाच होत नाही, निदान कागदावर तरी.

कुणी शोधून काढलं?

रंगानं सेमीकंडक्टरला प्रकाश 'दाखवायचा' ही कल्पना जुनी आहे, १९व्या शतकात फोटोग्राफीच्या फिल्मला हिरवा-पिवळा प्रकाश दिसावा म्हणून रंग वापरायला सुरुवात झाली, तिथपासूनची. पुढे १९७० च्या आसपास हेल्मुट ट्रिबुच आणि मेल्विन कॅल्विन यांनी झिंक ऑक्साइडवर क्लोरोफिल लावून करंट मिळवला. पण सपाट पृष्ठभागावर रंगाचा एकच थर बसतो आणि तो जेमतेम एखादा टक्का प्रकाश शोषतो, त्यामुळे गाडी तिथंच अडली होती. १९९१ मधे स्वित्झर्लंडमधल्या लोझानच्या ईपीएफएल या तंत्रज्ञान विद्यापीठात ब्रायन ओरेगन आणि मायकेल ग्रेट्झेल यांनी सपाट थराऐवजी नॅनोकणांचा सच्छिद्र थर वापरला आणि कार्यक्षमता (पडलेल्या उन्हातल्या किती ऊर्जेची वीज होते तो आकडा) एकदम ७ टक्क्यांच्या वर गेली. त्यांचा रंग मात्र झाडाचा नव्हता, रुथेनियम धातूचा होता. फळांच्या रंगाचं मोठं नाव झालं ते १९९७ मधे, ब्लॅकबेरीचा रंग वापरून केलेल्या सेलला ०.५६ टक्के मिळाले तेव्हा. पुढच्याच वर्षी शाळा-कॉलेजात करता येईल अशी पद्धत छापून आली आणि आज जगभर मुलं जे करतात ते बहुतेक त्याच पद्धतीवर बेतलेलं असतं.

टायटेनिया स्वतःच प्रकाश का नाही शोषत? रंग कशाला?

तो पांढरा दिसतो यातच उत्तर आहे. त्याचा बँड गॅप (इलेक्ट्रॉन मोकळा करायला लागणारी किमान ऊर्जा) ३.२ इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे साधारण ३९० नॅनोमीटरच्या खालचा अल्ट्राव्हायोलेट तेवढाच त्याच्या कामाचा, आणि जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात तो जेमतेम ४-५ टक्के असतो. बाकीचं सगळं ऊन वाया. रंग ते मधलं, डोळ्यांना दिसणारं ऊन पकडून देतो.

मग नॅनोच का? पेंटच्या दुकानातली पांढरी पावडर पण टायटॅनियम डायऑक्साइडच असते ना?

असते, पण चालणार नाही. पेंटमधले कण २००-३०० नॅनोमीटरचे असतात, बहुतेक रुटाइल जातीचे (रुटाइल आणि ॲनाटेज हे टायटेनियाच्या स्फटिकाचे प्रकार), आणि वरून त्यांना ॲल्युमिना किंवा सिलिकाचं कोटिंग दिलेलं असतं, मुद्दामच, म्हणजे पेंटमधल्या बाकीच्या घटकांशी त्यांची रिॲक्शन होऊ नये आणि भिंत टिकावी. आपल्याला नेमकं उलटं हवंय. सेलसाठी ॲनाटेज जातीचे २० नॅनोमीटरच्या आसपासचे उघडे कण लागतात. अशा कणांचा १० मायक्रॉन जाडीचा थर दिला की १ चौरस सेंटिमीटर काचेवर आतून जवळजवळ १००० चौरस सेंटिमीटर जागा तयार होते, आणि त्या सगळ्या जागेवर रंग बसतो. म्हणून तो पांढरा थर रंगात टाकल्यावर इतका गडद होतो. सनस्क्रीनमधली पावडर पण कोटिंगवालीच असते, तोही नाद सोडा.

सगळ्यात चांगला रंग कुठला?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो आणि लोक सगळ्यात जास्त चुकतात ते इथंच. सगळे गडद रंग शोधत फिरतात. रंग गडद असण्यापेक्षा तो टायटेनियाला धरून बसतो की नाही हे बघा. नुसता छिद्रात भरलेला रंग काही कामाचा नाही, कारण इलेक्ट्रॉनची उडी रेणू आणि टायटेनिया एकमेकांना चिकटलेले असतील तरच नीट होते. अँथोसायनिन नीट चिकटलेलं असेल तर ही उडी १०० फेम्टोसेकंदांच्या (सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दहा लाखावा भाग म्हणजे एक फेम्टोसेकंद) आत होते, आणि रेणू जर लांब तरंगत असेल तर तोवर सगळी एनर्जी उष्णतेत जाऊन मोकळी.

आता अँथोसायनिन म्हणजे काय तर जांभूळ, कोकम, तुती, डाळिंब, लाल अंबाडी या सगळ्यांचा लाल-जांभळा रंग. पण अँथोसायनिन हे कुटुंब आहे, त्यातले सगळे सारखे नाहीत. सायनिडिन आणि डेल्फिनिडिन यांच्या रेणूवर दोन हायड्रॉक्सिल गट शेजारी शेजारी असतात, आणि ते दोन्ही मिळून टायटॅनियमच्या अणूला चिमट्यासारखे पकडतात. पेलार्गोनिडिनवर त्या जागी एकच असतो, चिमटाच होत नाही. स्ट्रॉबेरीत मुख्यतः हेच पेलार्गोनिडिन. म्हणून महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचा रस कितीही लालभडक दिसला तरी सेल मरतुकडाच होतो, आणि मुलं मग टायटेनियाला दोष देतात.

हे स्वतः बघायचं असेल तर दोन सारख्या काचा घ्या, दोन्हीवर भाजलेला टायटेनिया. एक स्ट्रॉबेरीच्या गाळलेल्या रसात, एक कोकमाच्या अर्कात ठेवा. तासाभरानं बाहेर काढून आधी पाण्यानं, मग अल्कोहोलनं धुवा. स्ट्रॉबेरीवाली काच धुता धुता फिक्कट गुलाबी होते. कोकमवाली जांभळीच राहते, आणि नीट बघितलं तर अर्क लाल होता पण काच जांभळी झालीय. हा बदल म्हणजेच बंध झाल्याची खूण, टायटॅनियमला पकडलं की रंगाचं शोषण लांब तरंगलांबीकडे सरकतं. स्पेक्ट्रोफोटोमीटर (कुठल्या तरंगलांबीचा प्रकाश किती शोषला ते मोजणारं यंत्र) असेल तर आलेख काढा, नसेल तर डोळेही पुरतात.

आपल्याकडच्या रंगाऱ्यांना हे रसायन शेकडो वर्षं ठाऊक आहे. मंजिष्ठाचा लाल कापडावर पक्का बसावा म्हणून आधी तुरटी लावतात, तुरटीतला ॲल्युमिनियम रंगाला धरतो. इथं धातू काचेवर आधीपासूनच आहे, एवढाच फरक. मंजिष्ठाच्या जातकुळीतलं ॲलिझरिन तर टायटेनियावर इतकं पक्कं बसतं की इलेक्ट्रॉनची उडी अभ्यासायला ते नमुना म्हणून वापरतात.

कोकम घरचं चालेल का? अर्क कसा काढायचा?

ताज्या रातांब्याची (कोकमाच्या फळाची) साल सगळ्यात बेस्ट. नाहीतर बिनमिठाची वाळलेली साल. आगळ नको, त्यात मीठ असतं, आणि अमृत कोकम तर अजिबात नको कारण साखर छिद्रात जाऊन बसते. साल बारीक तुकडे करून इथेनॉलमधे रात्रभर अंधारात ठेवा, किंचित सायट्रिक ॲसिड घाला, सकाळी गाळा, आधी फडक्यानं मग फिल्टर पेपरनं. उकळू नका. आंबटपणा महत्त्वाचा, पीएच ३ च्या खाली असेल तर अँथोसायनिन लाल आणि टिकाऊ राहतं, खाण्याचा सोडा पडला की निळं-हिरवं होऊन मोडायला लागतं. लाल अंबाडीच्या बोंडावरची मांसल लाल पाकळी (विदर्भात ज्याचं सरबत करतात ती) याच पद्धतीनं चालते आणि माझ्या मते शिकण्यासाठी अंबाडीच उत्तम, वाळवून वर्षभर ठेवता येते आणि रंगात डेल्फिनिडिन आणि सायनिडिन दोन्ही आहेत. जांभळाचं म्हणाल तर २०१७ मधे आयआयटी रुडकीच्या टीमनं जांभूळ वापरून केलेल्या सेलची बरीच चर्चा झाली होती, कार्यक्षमता अर्ध्या टक्क्याच्या आसपास.

बीट, हळद, पालक, मेंदी?

बीट चांगलं. त्यातल्या बेटानिनवर कार्बोक्झिलिक ॲसिडचे गट असतात, ते टायटेनियाला छान पकडतात, आणि नैसर्गिक रंगांमधे २ टक्क्यांच्या वरचे जे मोजके आकडे छापून आलेत त्यात बेटानिन आहे. पण उष्णतेत आणि उजेडात लवकर बिघडतं, म्हणून अर्क थंड ठेवा, त्याच दिवशी वापरा.

हळद दिसायला जबरदस्त. करक्युमिन ४२५ नॅनोमीटरच्या आसपास शोषतं, चिकटतंही बऱ्यापैकी, पण उन्हात टिकत नाही. हळदीचा डाग उन्हात वाळत घातला की फिका पडतो हे घरात सगळ्यांना माहितीय, सेलमधेही तेच होणार.

पालकाचं दुःख वेगळं. क्लोरोफिल ४३० आणि ६६० नॅनोमीटरला शोषतं, म्हणजे लाल प्रकाशही घेतं जो अँथोसायनिन सोडून देतं, पण त्याला टायटेनिया पकडायला हातच नाहीत, उलट एक लांब तेलकट शेपटी आहे जी अडचण करते. ती शेपटी काढून केलेलं क्लोरोफिलिन जास्त बरं चालतं. मेंदीतला लॉसोन हा रंग चालतो, पण फार अपेक्षा ठेवू नका. पारिजातकाच्या केशरी देठात केशराच्याच कुळातला रंग आहे, क्रोसेटिनचा. त्या रेणूच्या दोन्ही टोकांना ॲसिड गट असतात पण देठात त्यांना साखर जोडलेली असते, ती तोडली तर पकड वाढते. एमएस्सीच्या प्रोजेक्टला सुंदर विषय आहे हा, कुणीतरी मनावर घ्या.

दोन रंग एकत्र केले तर?

कल्पना बरोबर, लाल आणि हिरवा मिळून जास्त ऊन पकडतील. प्रत्यक्षात दोघं एकाच जागेसाठी भांडतात आणि ज्याची पकड पक्की तो जागा घेतो, त्यामुळे बेरीज क्वचितच होते. एकानंतर एक बुडवून बघा, आणि प्रत्येक रंगाचा एकेकटा सेल सोबत करा, नाहीतर मिश्रणाचा आकडा कशाशी ताडून बघणार?

कॉलेजच्या लॅबमधे बनवता येईल?

येईल. एका बाजूनं वाहक असलेली काच लागते, एफटीओ (फ्लोरीन मिसळलेल्या टिन ऑक्साइडचा थर दिलेली) म्हणून मिळते, लॅब सप्लायरकडे. कुठली बाजू वाहक आहे ते मल्टिमीटरनं बघायचं, ज्या बाजूला काही ओहम दाखवतो ती. काचेच्या कडांना सेलोटेप लावायची, टेपची जाडी हीच ओल्या थराची जाडी, वाळला की तो पातळ होतो. टायटेनिया पावडर पातळ ॲसेटिक ॲसिडमधे खलात घोटत राहायचं, गुठळी राहता कामा नये, दहा मिनिटं तरी. शेवटी एखादा थेंब भांडी घासायचं लिक्विड, फेस न आणता. काचेच्या कांडीनं एका दमात ओढायचं. वाळल्यावर टेप काढून ४५० अंशाला अर्धा तास भाजायचं. भट्टीत थर आधी तपकिरी होतो आणि मग परत पांढरा, तो परत पांढरा होईपर्यंत थांबायचं कारण तपकिरी म्हणजे आतला सेंद्रिय भाग अजून जळायचाय. गरम काच गार पाण्यात किंवा गार फरशीवर ठेवू नका, तडकते. साधारण ८० अंशावर आली की थेट रंगात, कारण पूर्ण गार झाली की हवेतलं पाणी ओढून घेते आणि रंगाला जागा कमी उरते. आपल्या पावसाळ्यात तर हे फारच जाणवतं.

दुसऱ्या काचेच्या वाहक बाजूवर सहा-बी पेन्सिल भरपूर घासा किंवा मेणबत्तीची काजळी धरा (कंपन्या प्लॅटिनम वापरतात). दोन्ही काचा जराशा सरकवून समोरासमोर, बाईंडर क्लिप लावायच्या, आणि कडेनं आयोडीनचं द्रावण सोडायचं, ते आपोआप आत ओढलं जातं. द्रावण म्हणजे इथिलीन ग्लायकॉलमधे अर्धा मोलर पोटॅशियम आयोडाइड आणि ०.०५ मोलर आयोडीन. दुकानातलं टिंक्चर आयोडीन नको, त्यात पाणी असतं आणि पाण्यानं रंग सुटतो.

किती वीज मिळते? मोबाइल चार्ज होईल?

हिशोब करून बघू. भर दुपारचं ऊन म्हणजे चौरस मीटरला साधारण १००० वॉट. अर्धा टक्का कार्यक्षमता धरली तर एका चौरस मीटरमधून ५ वॉट. म्हणजे जुना हळू चार्जर चालेल, पण त्यासाठी दाराच्या अर्ध्या फळीएवढा सेल, तोही दुपारच्या कडक उन्हात, मावळतीला नाही. तेवढ्याच जागेत छपरावरचं सिलिकॉन पॅनल २०० वॉट देतं. तुमचा १ चौरस सेंटिमीटरचा सेल अर्धा मिलिवॉट देतो. घराच्या छपरासाठी हे कुणी विकायला आलं तर घेऊ नका, सरळ सांगतो.

मल्टिमीटरवर ०.४ व्होल्ट येतंय पण एलईडी लागत नाही, काय चुकलं?

काहीच चुकलं नाही. लाल एलईडीला १.८ व्होल्टच्या आसपास लागतात, आणि लोड आला की तुमचे ०.४ चे ०.३ होतात. सहा-सात सेल सिरीजमधे जोडा. त्यापेक्षा साध्या एलसीडी कॅल्क्युलेटरवर करा, त्याला दीड व्होल्ट आणि अगदी थोडा करंट पुरतो, पाच-सहा सेलमधे आकडे उमटतात आणि मुलांचे चेहरे बघण्यासारखे होतात. व्होल्टेज येतं पण करंट शून्याला टेकलेला असेल तर मात्र आधी बघा काचेची वाहक बाजू आत आहे ना.

रंग किती दिवस टिकतो?

हा खरा अडथळा आहे. वीस वर्षं चालायचं तर रंगाच्या एकेका रेणूला साधारण १० कोटी वेळा इलेक्ट्रॉन देऊन परत घ्यावा लागतो, न मोडता. रुथेनियमचे रंग तिथवर पोचतात, झाडाचे नाही. त्यात टायटेनिया स्वतः अल्ट्राव्हायोलेटमधे फोटोकॅटॅलिस्ट आहे, शेजारच्या सेंद्रिय रेणूला तोच जाळतो. म्हणून वर अल्ट्राव्हायोलेट अडवणारी फिल्म लावली की आयुष्य वाढतं. क्लिप लावलेला उघडा सेल एक-दोन दिवसांत सुकतो, ते रंगामुळे नाही, द्रावण उडाल्यामुळे, या दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला शिका. थेंबभर द्रावण घालून परत जिवंत झाला तर रंग शाबूत होता.

चांदी-सोन्याचे नॅनोकण घातले की कार्यक्षमता वाढते म्हणतात, खरं का?

तत्त्व खरं आहे. चांदीचे छोटे गोल कण ४०० नॅनोमीटरच्या आसपास आणि सोन्याचे ५२० च्या आसपास प्रकाशाशी झुलतात (म्हणजे कणातले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या तालावर हलतात), कणाच्या अगदी जवळ प्रकाशाची तीव्रता वाढते आणि तिथं बसलेला रंग जास्त शोषतो. सोन्याचं ५२० आणि अँथोसायनिनचं शोषण एकमेकांवर छान पडतं. पण उघडी चांदी आयोडीनच्या द्रावणात टाकली तर सिल्व्हर आयोडाइड होऊन संपते, आणि उघडा धातू इलेक्ट्रॉन मधेच खातो. म्हणून कणावर सिलिका किंवा टायटेनियाचं पातळ कवच चढवतात. कवचाशिवाय घातलेल्या चांदीनं 'कार्यक्षमता दुप्पट' असा आकडा दिसला तर थांबा आणि परत मोजा.

इथं पुण्याचं नाव घ्यायलाच हवं. झाडाच्या अर्कानंच धातूचे नॅनोकण बनवण्याचं सुरुवातीचं फार महत्त्वाचं काम एनसीएलमधे (राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत) मुरली शास्त्रींच्या ग्रुपनं केलं, आधी जिरेनियमची आणि कडुलिंबाची पानं, आणि २००४ मधे गवती चहाच्या अर्कातून सोन्याचे चपटे त्रिकोण. गोल कण लाल दिसतात, पण हे त्रिकोण जवळचा इन्फ्रारेड शोषतात, म्हणून खिडकीच्या काचेवर त्यांचा थर देऊन उन्हाचा उकाडा अडवता येईल का हेही त्यांनी पुढे तपासलं. म्हणजे वनस्पती आणि नॅनो यांची जोडी फक्त सेलपुरती नाही, काचेच्या कोटिंगपर्यंत जाते, आणि मला वैयक्तिक तो रस्ता जास्त लवकर कामाला येणारा वाटतो.

टायटेनियाऐवजी झिंक ऑक्साइड?

कोकम-अंबाडीसोबत नको. आंबट अर्कात झिंक ऑक्साइड विरघळतो.

मग या सगळ्याचा उपयोग काय? बाजारात काही आहे?

कृत्रिम रंगांचे सेल बाजारात आहेत. लोझानच्या स्विसटेक कन्व्हेन्शन सेंटरची रंगीत काचेची भिंत २०१४ पासून अशा सेलची आहे, आणि २०२२ मधे आदिदासच्या नावानं आलेला एक हेडफोन घरातल्या उजेडावरही चार्ज होतो तो याच तंत्रानं. त्याच वर्षी ईपीएफएलनं उन्हात १५ टक्क्यांच्या वर आणि घरातल्या उजेडात ३० टक्क्यांच्या आसपास कार्यक्षमता दाखवली. कमी उजेडात हे सेल दमत नाहीत, ही त्यांची जमेची बाजू. झाडाच्या रंगांचे बाजारात नाहीत, आणि लगेच येतील असं मी म्हणणार नाही. पण कुठला रेणू धातूच्या ऑक्साइडला कसा पकडतो हे शिकायला यांच्याइतकं स्वस्त आणि बिनविषारी साहित्य दुसरं नाही, आणि आपल्याकडे सह्याद्रीत जेवढे रंग आहेत त्यातले फार थोडे नीट तपासले गेलेत.

सेफ्टीचं काय?

रंग निरुपद्रवी, पण पावडर नाही. टायटेनियाची नॅनो पावडर नाकात जाऊ देऊ नका, मास्क लावा, पंखा बंद ठेवून ओली करा, ओली झाली की धोका कमी. आयोडीन हाताला-कपड्याला डाग पाडतं. इथिलीन ग्लायकॉल गोडसर असतं आणि विषारी, लहान मुलं आणि कुत्र्या-मांजरांपासून लांब. इथेनॉल आणि भट्टी एका टेबलावर नको. उरलेलं बेसिनमधे ओतू नका, लॅबच्या कचऱ्याच्या बाटलीत.

रिपोर्टमधे काय काय हवं?

नुसतं 'इतके व्होल्ट आले' याला अर्थ नाही. रेझिस्टन्स बदलत बदलत व्होल्टेज आणि करंट दोन्ही घ्या आणि आलेख काढा, सगळ्यात जास्त गुणाकार जिथं येतो ती पॉवर. सेलवर काळ्या कागदाचा मास्क लावून क्षेत्रफळ पक्कं करा, नाहीतर कडेनं शिरलेला उजेड आकडा फुगवतो. ऊन किती होतं ते लिहा, टेबल लॅम्पचा आकडा उन्हाच्या आकड्याशेजारी ठेवू नका. प्रत्येक रंगाचे किमान तीन सेल करा आणि तिन्ही आकडे द्या, फक्त सगळ्यात चांगला नको. आणि एक सेल बिनरंगाचा, नुसत्या पांढऱ्या टायटेनियाचा करा, कारण अल्ट्राव्हायोलेटमुळे तोही थोडा करंट देतो, आणि तो वजा केल्याशिवाय तुमच्या कोकमानं किती दिला हे कळणार नाही.